पन्हाळा आणि परिसर : वयस्कर आई, आठवीतली मुलगी आणि चार दिवस

लष्करची लेक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरचे. आमचे घराणे काही पिढ्यांपूर्वी शिंद्यांच्या चाकरीनिमित्त उत्तरेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, कुळाचारही टिकले. दिवेलागणीला देवापुढे उभे राहून ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणण्याची माझ्या आजीची सवय आईने आजतागायत चालवली आहे, पण ज्या डोंगरावर तो देव आहे तो डोंगर मात्र आईने आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. तिचे वय आता बहात्तर आहे, गुडघे दुखतात, आणि ‘पुढच्या वर्षी जाऊ’ असे म्हणण्याची वर्षे आता राहिली नाहीत असे मला वाटू लागले आहे. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई, मी आणि आठवीत शिकणारी माझी मुलगी अशा तिघी रेल्वेने पुण्यामार्गे कोल्हापूरला येणार आहोत. हाती पूर्ण चार दिवस आहेत.

गाडीची व्यवस्था करणाऱ्या एका गृहस्थांनी जो बेत पाठवला आहे, त्यात पन्हाळ्यासाठी दोन तास, जोतिबासाठी एक तास, आणि उरलेल्या वेळात खरेदी व इतर स्थळे असे लिहिले आहे. हे मला पटत नाही. मुलीने शाळेच्या एका प्रकल्पासाठी सिद्दी जौहरच्या वेढ्याविषयी बरेच वाचले आहे आणि पावनखिंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असा तिचा आग्रह आहे. मला स्वतःला गडाइतकीच त्याच्या पायथ्याची गावे, शेते आणि वाटा पाहायची ओढ आहे, कारण ज्या मुलखातून आमचे पूर्वज निघाले तो मुलूख दिसतो तरी कसा, एवढे तरी मला कळावे.

मुक्काम कोल्हापुरात करावा की पन्हाळ्यावर? आईला झेपेल आणि मुलीचेही समाधान होईल असा क्रम कसा लावावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पंचगंगाकाठ

ताई, आपण विचारलेत हे फार बरे झाले. दोन तासांत पन्हाळा उरकण्याचा बेत सरळ बाजूला ठेवा. माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा, की मुक्काम पन्हाळ्यावरच करा आणि तोही किमान दोन रात्रींचा. कोल्हापूरपासून पन्हाळा अवघा वीस किलोमीटर असल्यामुळे बहुतेक पाहुणे सकाळी अकराला वर येतात आणि चारला खाली उतरतात, म्हणजे गड जेव्हा सर्वांत गजबजलेला असतो तेवढाच त्यांना दिसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवरच्या या गावात डिसेंबरची पहाट कडक थंडीची असते. खालच्या खोऱ्यांत धुके साठलेले असते आणि त्यातून समोरचा जोतिबाचा डोंगर बेटासारखा वर आलेला दिसतो. आपल्या मातोश्रींना देवाच्या डोंगराचे पहिले दर्शन असे, गडाच्या तटावरून सूर्योदयाच्या वेळी व्हावे, असे मला मनापासून वाटते.

जोतिबाला दुसऱ्या दिवशी सकाळी जा. पन्हाळ्यावरून उतरून वाघबीळच्या नाक्यावरून दाणेवाडीमार्गे गेले, की पाऊण तासाच्या आत आपण वाडी रत्नागिरीला पोहोचता. जोतिबाचे गाव हेच. रत्नागिरी शहराशी याचा काही संबंध नाही, हे बाहेरगावच्या गाडीवानाला आधीच सांगून ठेवा. रविवार हा देवाचा वार, त्यामुळे रविवार आणि पौर्णिमा टाळावी. चैत्र पौर्णिमेची यात्रा तर लाखोंची असते आणि गावोगावच्या उंच सासनकाठ्या त्या दिवशी नाचवल्या जातात, पण गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीने तो दिवस निवडू नये. मंगळवार किंवा बुधवारी सकाळी आठच्या सुमारास मंदिर शांत असते. वाहनतळापासून देवळापर्यंत पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना नारळ, गुलाल आणि दवण्याची दुकाने असल्याने मध्ये मध्ये टेकता येते. घाई केली नाही तर मातोश्रींना ते जमावे. अंगावरचे वस्त्र मात्र जुने असू द्या, कारण गुलालाचा रंग धुऊन सहज जात नाही.

आपल्या घराण्याच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष आहे. आज आपण जे मुख्य मंदिर पाहतो ते १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधले, आणि शेजारचे केदारेश्वराचे मंदिर १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी. ज्या घराण्याच्या मागे आपले पूर्वज उत्तरेत गेले, त्याच घराण्याने तिकडे दौलत उभी केली आणि तिच्यातला काही भाग इकडे, या काळ्या दगडात आणून ठेवला. आपल्या मुलीला त्या भिंतींपुढे उभे करून हे अवश्य सांगा.

परतताना पोहाळ्याची लेणी वाटेत येतात. डोंगराच्या कुशीत खोदलेले विहार आणि चैत्य तिथे आहेत, गर्दी मुळीच नसते. फार वेळ लागत नाही.

आणि शेतांविषयी. आपण योग्य महिना निवडला आहे, कारण डिसेंबरात गुऱ्हाळे ऐन भरात असतात. पन्हाळा आणि करवीर तालुक्यांतल्या रस्त्यांवरून जाताना पांढरा धूर आणि उसाच्या रसाचा गोडसर वास आला की गाडी थांबवा, रामराम घाला आणि पाहू का म्हणून विचारा. मला तरी आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत ओततात, खालच्या चुलवाणात वाळलेली चिपाडे घालून जळव्या जाळ सांभाळत असतो, आणि रानभेंडीची ठेचलेली झाडे पाण्यात कुस्करून जो चिकट द्रव निघतो तो रसात घालून मळी वर आणतात. ती झाऱ्याने काढत राहायची. दोन-अडीच तासांनी रस घट्ट होत येतो तेव्हा सगळे काम एका माणसाच्या हाती जाते, तो गुळव्या. उकळत्या पाकाचा थेंब तो गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहतो, आणि त्याने इशारा केला की चार माणसे काहील उचलून वाफ्यात रिकामी करतात. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळवंडतो, आधी उतरवला तर तो बसत नाही. शास्त्राच्या कोणत्याही उपकरणाशिवाय, केवळ डोळ्यांनी आणि बोटांनी हे जोखणारी माणसे कमी होत चालली आहेत आणि गुऱ्हाळेही दरवर्षी थोडी थोडी घटत आहेत. म्हणून माझा आग्रह आहे, की हे पाहण्यासाठी एक अख्खी दुपार राखून ठेवा. ताजी काकवी भाकरीबरोबर मिळाली तर मातोश्रींना ती निश्चित आवडेल.

जुने कागद

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात गडाच्या इतिहासापुरती भर घालतो, कारण आपल्या मुलीने वेढ्याविषयी वाचले आहे आणि तिला हा गड फक्त त्या एका रात्रीपुरता ठाऊक असण्याची शक्यता आहे. ती रात्र थोर आहेच. परंतु पन्हाळ्याचे दगड त्यापूर्वी साडेचारशे वर्षांपासून बोलत आहेत आणि त्यानंतरही बोलायचे थांबलेले नाहीत.

हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारला. १२०९-१० च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवाने भोजाचा पराभव केला आणि शिलाहारांचे राज्य संपले. पुढे बहामनी आणि आदिलशाही अंमल आला. आज जे भक्कम दरवाजे, कोठारे आणि तट दिसतात त्यांतले बरेचसे आदिलशाहीतले आहेत. तीन दरवाजावर फारसी शिलालेख आहे. मुलीला तो जवळून दाखवा आणि मराठ्यांच्या गडावर ही लिपी का, हा प्रश्न तिचा तिलाच पडू द्या. एका दरवाजातून आत गेल्यावर मधला चौक आणि मग दुसरा दरवाजा, अशी ती रचना आहे. बाहेरचा दरवाजा फोडून शत्रू आत शिरला तरी तो त्या चौकात अडकतो आणि चहूबाजूंनी माऱ्यात येतो, हे त्या चौकात उभे राहिल्यावर कुणी न सांगताही समजते.

गडाचा परीघ सुमारे सात किलोमीटर आहे. त्यातल्या जवळजवळ निम्म्या भागाला निसर्गानेच तुटलेला कडा दिला आहे, आणि जिथे कडा नाही तिथे माणसाने पंधरा ते तीस फूट जाडीचा तट बांधला आहे. एवढा मोठा, सपाट आणि मुबलक पाण्याचा माथा असल्यामुळेच इथे शिबंदीबरोबर गाव वसू शकले. या विस्ताराचे गमक पाहायचे असेल तर अंबरखाना पाहा. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली ही तीन धान्यकोठारे बालेकिल्ल्यात आहेत. गंगा कोठी त्यांत सर्वांत मोठी. बाहेरच्या बाजूने जिन्यांनी वर जायचे, छताला ठेवलेल्या भोकांतून धान्य आत ओतायचे, आणि खालच्या दारांतून काढायचे, अशी सोय आहे. १६६० मध्ये मार्चपासून जुलैपर्यंत वेढा चालला तरी गड उपासमारीने पडला नाही, याचे उत्तर या कोठारांत आहे.

तुमच्या मुलीसाठी कालक्रम थोडक्यात असा. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला आणि अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजी महाराजांकडे आला. २ मार्च १६६० रोजी महाराज गडावर आले आणि त्यानंतर सिद्दी जौहरचा फास आवळला गेला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज, त्यांचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह, तोफ घेऊन जौहरच्या मदतीला आले आणि गडावर गोळे डागले. त्याची शिक्षा म्हणून पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली. १२ जुलैच्या रात्री, आषाढ पौर्णिमेला, भर पावसात महाराज राजदिंडीच्या वाटेने उतरले. महाराजांचे रूप घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेले शिवा काशीद पायथ्याच्या नेबापूरचे, आणि त्यांचे स्मारक आज तिथे आहे. कृपया गडावर चढण्यापूर्वी तिथे थांबा. बाजीप्रभूंचा पुतळा गडावर आहे आणि तो योग्यच आहे, पण मृत्यू समोर स्पष्ट दिसत असताना शत्रूच्या गोटात शांतपणे चालत गेलेल्या त्या माणसापुढे थांबल्याशिवाय पन्हाळा पाहिला असे मी तरी म्हणणार नाही.

त्या पराक्रमानंतर गड आपल्याकडे राहिला अशी अनेकांची समजूत असते. तसे झाले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात तहाने पन्हाळा आदिलशहाला द्यावा लागला, आणि तो परत येण्यासाठी तेरा वर्षे जावी लागली. ६ मार्च १६७३ च्या अंधाऱ्या रात्री कोंडाजी फर्जंद यांनी केवळ साठ निवडक माणसांनिशी कडा चढून गड घेतला. पुढे संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणीतून परतल्यावर याच गडावर राहिले, १६८० च्या जानेवारीत पितापुत्रांची भेट इथेच झाली, आणि त्या वर्षी ३ एप्रिलला महाराजांचे रायगडावर निधन झाले तेव्हाही संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. त्या भेटीची जागा म्हणून सज्जा कोठी दाखवतात. परंपरेने सांगितलेली ही गोष्ट असली, तरी त्या वरच्या दालनाच्या झरोक्यात उभे राहून खालचे खोरे पाहताना बाप आणि मुलगा यांच्यात काय बोलणे झाले असेल हा विचार मनातून जात नाही.

१७०१ मध्ये औरंगजेब स्वतः या गडाखाली तळ देऊन होता. इंग्लंडचा वकील सर विल्यम नॉरिस याची आणि बादशहाची भेट त्याच छावणीत झाली. त्यानंतर ताराराणींनी इथून कारभार केला आणि १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला हलेपर्यंत हे राजधानीचे गाव होते. ताराराणींचा वाडा आजही उभा आहे. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, १ डिसेंबरला इंग्रजांनी गड घेतला, आणि चार दरवाजा पाडून टाकला. आज आपली गाडी ज्या ठिकाणाहून गडात शिरते तिथेच तो होता. म्हणून त्या वळणावर मुलीला सांगा, की आपण ज्याच्यातून आत जात आहोत तो दरवाजा आता फक्त नावाने उरला आहे.

आणखी एक. मराठी काव्याची आवड घरात असेल तर हेही लक्षात असू द्या, की कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये याच गावात झाला. पुढे ते बारामतीला गेले. पन्हाळ्यावर त्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे.

सडा आणि वाट

पावनखिंडीविषयी मी लिहितो. गेली अनेक वर्षे जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड अशी पायी मोहीम मी करत आलो आहे. राजदिंडीने उतरून म्हाळुंगे, तेथून मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी आणि मग खिंड, असा तो मार्ग. साधारण पन्नास किलोमीटरची ही चाल आम्ही दोन दिवसांत करतो आणि तरीही दुसऱ्या संध्याकाळी पाय उचलत नाहीत. तीच चाल महाराजांच्या सोबत्यांनी एका रात्रीत, चिखलात, खांद्यावर पालखी घेऊन आणि पाठीवर शत्रू असताना केली. पुस्तकात ‘रातोरात’ हा शब्द वाचून पुढे जाता येते. त्या वाटेवर मात्र तो शब्द गुडघाभर चिखलात रुततो.

आपल्यासोबत वृद्ध आई आहे, तेव्हा ही चाल आपल्यासाठी नाही. परंतु मुलीला त्या वाटेचा एक तुकडा तरी पायाखाली यावा यासाठी असे करा. एका सकाळी आई गडावर विश्रांती घेत असताना तुम्ही दोघी मसाई पठारावर जा. पन्हाळ्यापासून हे अंतर थोडे आहे आणि वाहन पठारापर्यंत जाते. मसाई हा जांभ्याचा विस्तीर्ण सडा आहे. पावसाळ्याच्या शेवटी तो रानफुलांनी भरतो, डिसेंबरात मात्र तिथे वाळलेले सोनेरी गवत, वारा आणि मसाईदेवीचे देऊळ एवढेच असते. काही लोकांना ते ओसाड वाटते. मला वाटत नाही. फुले नसतात तेव्हाच त्या पठाराची लांबी-रुंदी कळते, आणि पाठीमागे पन्हाळ्याचा तट व पुढे सह्याद्रीची मुख्य रांग अशा दोन्ही टोकांना एकदम नजरेत धरता येते. पठाराच्या कडेला पांडवदऱ्याची कोरीव लेणी आहेत. देवळापासून एक-दोन तास पश्चिमेला चाला आणि परत या. त्या रात्री हीच माणसे याच सड्यावरून, पाऊस तोंडावर घेत, पुढे गेली आहेत, एवढे चालता चालता मुलीला सांगितले की पुरे.

सड्यावर पाण्याची सोय नाही आणि सावलीही नाही. सोबत पाणी घ्या, आणि गवत वाळलेले असल्यामुळे कोणत्याही कारणाने आग पेटवू नका.

पावनखिंडीला मात्र तिघी वाहनाने जाऊ शकता. गड उतरून बांबवडे, मलकापूर आणि पांढरपाणी असा रस्ता आहे. दोन तास धरून चाला आणि परत येईपर्यंतचा पूर्ण दिवस त्यासाठी राखा. वरच्या स्मारकापर्यंत आई सावकाश येऊ शकतील, पण घळीत उतरण्यासाठी पायऱ्या आणि लोखंडी कठडे आहेत, तिथे त्यांना नेऊ नये. मुलीला घेऊन खाली उतरा. दोन्ही बाजूंचे खडक जवळ येत जातात, मधून पाणी वाहते, आणि एका वेळी फार थोडी माणसे पुढे सरकू शकतील एवढीच जागा उरते. हजारोंच्या फौजेला शेकड्यांनी तासन् तास का थोपवून धरता आले हे तिथे उभे राहिल्यावर कळते. पूर्वी हिला घोडखिंड म्हणत. १३ जुलै १६६० नंतर ती पावनखिंड झाली.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ती सांगतो. ताईंना मुलूख पाहायचा आहे. मग कासारी नदीकडे लक्ष ठेवा. कासारी या खिंडीच्या परिसरातच, गजापूरजवळ उगम पावते. तिथून ती पन्हाळा तालुक्यातल्या खोऱ्यातून उसाची आणि भाताची शेते भिजवत पूर्वेला येते, कुंभी, तुळशी आणि भोगावतीला मिळते, आणि प्रयाग चिखलीला संगम होऊन पंचगंगा होते. कोल्हापूरच्या घाटावर आपण हात जोडाल त्या पाण्यात खिंडीतले पाणी आहे. ज्या गुऱ्हाळांविषयी वर लिहिले आहे त्यांचा ऊसही याच पाण्यावर वाढतो. गड, खिंड, शेत आणि शहर ही चार वेगळी स्थळे म्हणून पाहण्यापेक्षा एका नदीच्या काठाने पाहिली, तर आपल्या पूर्वजांचा मुलूख आपल्याला अधिक जवळचा वाटेल.

लष्करची लेक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले आहे की कसे आभार मानावेत कळत नाही. ही उत्तरे मी काल रात्री आईला वाचून दाखवली. राणोजी शिंद्यांनी देऊळ बांधल्याचा उल्लेख आला तेव्हा तिने मला थांबवले आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला सांगितला. मुक्काम गडावरच करायचा हे आता ठरले.

फक्त एक शंका राहिली आहे. मुलगी आणि मी मसाईला जाऊ त्या सकाळी आई एकटी खोलीत बसून राहावी असे मला वाटत नाही. पायऱ्या न चढता तिला गडावर काय पाहता येईल? आणि तिथे राहणाऱ्या लोकांना आमच्यासारख्या पाहुण्यांची अडचण होत असेल का? ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरही शाळा आहे, पण गाव म्हणावे अशी वस्ती नाही, त्यामुळे राहत्या गडावर कसे वागावे याचा अनुभव आम्हाला नाही.

पेठेतला

ताई, मी पन्हाळ्यावरच जन्मलो आणि इथेच राहतो, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाने मला थांबवले. असा प्रश्न इथे येणारे सहसा विचारत नाहीत.

आधी आईंविषयी. गडाचा माथा बहुतांशी सपाट आहे आणि आतले रस्ते पक्के आहेत, त्यामुळे त्यांना बरेच पाहता येईल. तीन दरवाजाजवळ गाडी जाते, तिथून चार पावले चालले की चौकात पोहोचता येते. सोमेश्वर तलावाचा काठ सकाळी अत्यंत शांत असतो, बसायला जागा असते. महालक्ष्मीचे आणि संभाजी महाराजांचे मंदिर त्यांना जाता येईल. अंबरखाना बाहेरून व्यवस्थित दिसतो. छतावर जाणारे जिने त्यांनी चढू नयेत. अंधारबाव ही तीन मजली विहीर फार विलक्षण वास्तू आहे. खालच्या मजल्यात पाणी, वर राहण्याची जागा, आणि मधल्या मजल्यावर तटाबाहेर पडणारी चोरवाट. शत्रूने गडावरचे पाणी विषारी करू नये म्हणून विहिरीलाच किल्ला केलेला आहे. पण आतल्या पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या आहेत, तिथे फक्त मुलीला न्या. पुसाटी बुरूज पश्चिमेला आहे. संध्याकाळी आईंना तिथवर गाडीने न्या, कारण मावळतीच्या उजेडात मसाईचे पठार तिथून समोर दिसते आणि सकाळी लेक व नात कुठे गेल्या होत्या हे त्यांना बसल्या जागी पाहता येईल.

दुपारच्या जेवणासाठी झुणका-भाकर घेऊन बसणाऱ्या आमच्या इथल्या बायका आहेत. चुलीवरची भाकरी, खर्डा आणि दही. त्यांच्यातल्या बऱ्याचजणी पायथ्याच्या वाड्यांतून रोज सकाळी डोक्यावर सरपण आणि पीठ घेऊन येतात. आईंना खर्डा नको असेल तर आधी सांगा, त्या आनंदाने वेगळे करून देतील.

आता राहत्या गडाविषयी. आमची वस्ती सुमारे तीन हजारांची आहे. आमच्या घरांच्या परसात तट आहे, आमची मुले बुरुजाच्या सावलीत खेळून मोठी होतात, आणि वर येण्याचा मुख्य रस्ता २०२१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत खचला तेव्हा कित्येक महिने दूध, औषध आणि गॅस टाकी वर आणण्यासाठी आम्ही काय केले हे आमचे आम्हाला माहीत. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यांत पन्हाळा आहे, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्याचबरोबर घराची पडलेली भिंत पुन्हा बांधता येईल का, दुकान जागेवर राहील का, ही काळजीही माझ्या शेजारच्या प्रत्येक घरात आहे. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात. वारसा जपायचा तर तो इतकी शतके वापरात ठेवणाऱ्या माणसांसह जपावा, एवढेच आमचे मागणे आहे.

पाहुण्यांची अडचण होत नाही, ताई. अडचण होते ती धावत्या पाहुण्यांची. रविवारी दुपारी अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते, एखाद्या घरी आजारी माणूस असेल तर त्याला खाली नेणे कठीण होते, आणि संध्याकाळी तटाच्या कडेला बाटल्या व पिशव्या उरतात. जे रात्री इथे राहतात, पायी फिरतात आणि दारात बसलेल्या म्हाताऱ्याला वाट विचारतात, ते आम्हाला वर्षानुवर्षे लक्षात राहतात. आपण आठवड्याच्या मधल्या दिवसांत येत आहात, तेव्हा रस्ते मोकळे असतील. गावातल्या एखाद्या घरगुती निवासात खोली घ्या, गाडी एका जागी ठेवा आणि जमेल तेवढे चाला. मुलीला तटावर चढू देऊ नका. दगड जागोजागी सुटलेले आहेत आणि पलीकडे सरळ दरी आहे.

मसाईला जाल त्या सकाळी आईंना सोबत हवी असेल, तर त्या जिथे उतरतील त्या घरातल्या बायकाच त्यांना तलावाकडे घेऊन जातील. आमच्याकडेही संध्याकाळी देवापुढे जोतिबाचे चांगभलेच म्हणतात. बोलायला विषय कमी पडणार नाही.

पंचगंगाकाठ

गुऱ्हाळाच्या वेळेविषयी एक दुरुस्ती. वर मी दुपार राखून ठेवा असे लिहिले होते, परंतु यंदा आमच्या बाजूला मजूर मिळत नसल्याने काही ठिकाणी पहिले आधण पहाटेच लावतात आणि दुपारपर्यंत काम आटोपते. म्हणून पावनखिंडीच्या दिवशी गड उतरतानाच, सकाळी आठच्या सुमारास, वाटेवरच्या गुऱ्हाळात थांबा. पहिली काहील तेव्हा उतरण्याच्या बेतात असेल. सोबत घरून एक घट्ट झाकणाचा डबा आणा, ग्वाल्हेरपर्यंत काकवी नेता येईल.